सातच वाढली

आमच्या आबांच्या घरात ‘मेलं’ हा शब्द काढायची कोणाची टाप नव्हती. आबा म्हणजे माझे आजोबा, वडिलांचे वडील. दिवा विझला तर तो ‘वाढी गया’. बांगडी फुटली तर ‘वाढी गई’. बांगडीचं एक सोडा, तसं सगळीकडेच म्हणतात, पण आमच्याकडे म्हैस वाढी गई, मिरचीचं रोप वाढी गयं, आणि एकदा शेजारच्या म्हाताऱ्याची खबर आली तेव्हा आबा हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, “वाढी गया बिचारा.” मी लहान होते. मला वाटलं म्हातारा उंच झाला. मी फिसकन हसले, तर मायने असे डोळे वटारले की पुढचे दोन दिवस मी तिच्या वाऱ्यालाही उभी राहिले नाही. वाईट शब्द तोंडातून निघाला की तो घर बघून ठेवतो, असं आबांचं म्हणणं. तुम्ही म्हणाल, काजूच्या बागेचं सांगते म्हणून बसवलं आणि ही बाई शब्दांचं पुराण लावून बसली. सांगते ना. पण हा शब्द आधी कानावर पडल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

गाव आमचं शहाद्याकडचं, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. अंगणात उभं राहिलं की समोर डोंगराची रांग, आणि पावसाळ्यात तोरणमाळवर ढग टेकलेले दिसायचे. इकडे मात्र ऊन. सकाळी होले घुमायला लागायचे तेव्हा मायची चूल पेटलेली असायची. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकर तव्यावर टाकली की जो वास यायचा, तो मी पुढे कितीही चांगल्या पिठाच्या भाकरी खाल्ल्या तरी परत मिळाला नाही. सोबत ठेचा, उडदाची डाळ, आणि उन्हाळ्यात ज्वारीचे पापडासारखे बिबडे भाजून. आबा ओसरीवर बसून खायचे, त्यांच्या शेजारी माझे काका. त्यांना सगळे नाना म्हणत. माझे वडील, अण्णा, उधन्याला मिलमध्ये होते. होळीला आणि दिवाळीला यायचे, येताना सुरतेची घारी आणायचे आणि घरातल्या कुठल्याही भांडणात ‘दोन्हीनं बरोबर शे’ म्हणून परत गाडीत बसायचे. भला माणूस, पण भांडणात त्याचा उपयोग शून्य.

माय रनाळ्याची. काळ्या जमिनीतली पोर. लग्न होऊन आली तेव्हा आमची डोंगरालगतची बरड जमीन पाहून म्हणाली होती म्हणे, “हे वावर शे का दगडनी खान शे?” ते वाक्य घरात वर्षानुवर्षं कोणी विसरलं नाही. आमची बाकीची जमीन बरी होती, कापूस-मिरची पिकायची. पण ही बरड म्हणजे लालसर मुरमाची एक टेकडी, वर कुसळी गवत, बास. नानांचा तिच्यावर डोळा होता तो मुरमासाठी. रस्त्याचं काम करणारा एक ठेकेदार त्यांच्या मागे लागला होता की टेकडी द्या, मुरूम काढून नेतो. नानांचं म्हणणंही तसं चुकीचं नव्हतं, आज मी ते कबूल करते. ज्या जमिनीत काही येत नाही ती विकलेली काय आणि खोदलेली काय. पण मायला त्या टेकडीचा का कोण जाणे लळा लागला होता. घरात तिच्या नावाचं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं, दागिना म्हणाल तर गळ्यातली पोत. दुपारी कामं आटोपली की ती बरडीवर जाऊन बसायची. टिंगल केलेल्या जागेवरच बाईचा जीव जडतो कधीकधी.

मग सरकारची फळबागेची योजना आली. कृषी खात्याचे एक तरुण साहेब मारुतीच्या पारावर बसून सांगत होते: पडीक जमीन असेल तर खड्डे घ्या, कलमं लावा, खर्च सरकार देईल, पण एकदम नाही, तीन वर्षांत, आणि पुढचा हप्ता झाडं जगली तरच. आंबा घ्या, बोर घ्या, सीताफळ घ्या, काजू घ्या. काजू म्हटल्याबरोबर पारावर हशा पिकला. आमच्या भागात काजू पाहिला होता तो वाण्याच्या दुकानात, काचेच्या बरणीत. तो झाडाला येतो हेच अर्ध्या गावाला ठाऊक नव्हतं. आबांनी तर गंभीरपणे विचारलं, भुईमुगासारखा उपटायचा का. साहेब मूळचे कोकणातले. बिचाऱ्यांना हसू आवरेना. फळ वर असतं आणि बी त्याच्या खाली, बाहेर लोंबते, असं त्यांनी बोटांनी करून दाखवलं. नाना म्हणाले, “बी बाहेर? देव घाईमा व्हता का?”

सगळ्यांनी आंबा लिहून दिला. मायने मला पुढे करून काजू लिहायला सांगितला. मी दहावी झालेली, पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं, म्हणून तेव्हा मी तिच्याच हाताशी होते. घरी आल्यावर आबांनी विचारलं, आंबा सोडून हे काय डोक्यात आलं. तेव्हा माय जे बोलली ते मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. आमच्या घरी काजू वर्षातून एकदा यायचे, कागदाच्या पुडीत, आणि ती पुडी आबांच्या कपाटात. पाहुणे आले की माय शिरा करायची, वर काजू लावायची, ताटं बाहेर जायची, आणि आत आम्हाला उरायची ती कढईची खरवड. माय म्हणाली, “एवढा वरीस मी काजू दुसरास्ना ताटमा लाया. मन्ही आंडेर पोटभर खाई.” आंडेर म्हणजे लेक, म्हणजे मी. सासऱ्यासमोर एवढं बोलणं म्हणजे काय होतं ते आजच्या पोरींना सांगून कळायचं नाही. आबांनी हातातली सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, “सरकार पैसा देस तवलोंग बरड तुन्ही. सरकारनी हात काढा का मग मुरूमवालानी.” नाना हसले. त्यांना वाटलं, एका उन्हाळ्याचा प्रश्न आहे.

त्या एका उन्हाळ्यात मायने काय केलं ते मी पाहिलं आहे. पावसाळ्यात लावलेल्या प्रत्येक कलमाशेजारी एक जुनं मडकं पुरलं, मडक्याला भोक, भोकात चिंधीची वात, म्हणजे पाणी थेंबथेंब मुळाशी जाईल. खालच्या विहिरीवरून डोक्यावर पाणी आणून ती मडकी भरायची, एक हंडा तिचा, एक माझा. माझी मान आखडायची, मी कुरकुरायचे, ती म्हणायची, “रड, पन चालत रड.” होळीनंतर जेव्हा गुजरातकडून गरम वारा सुटला तेव्हा तिने प्रत्येक झाडाभोवती पऱ्हाट्या रोवल्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं, आणि वर गवताचं छप्पर घातलं. लांबून पाहिलं तर बाग दिसायचीच नाही, नुसत्या छोट्या छोट्या झोपड्यांचं गाव दिसायचं. आत कोण जिवंत आहे आणि कोण नाही हे वाकून, पऱ्हाटी बाजूला करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. आम्हाला मात्र एकेक झाड ठाऊक होतं. सात गेली होती, वरच्या कडेची, जिथे खडक फार वर आहे. मायने त्यांच्याही झोपड्या काढल्या नव्हत्या आणि त्यांनाही पाणी घालत होती. मी एकदा म्हटलं, आता याला कशाला. तर म्हणाली, “ऱ्हाऊ दे.”

साहेब पाहणीला आले ते ऐन वैशाखात, भर दुपारी. डोक्याला रुमाल, शर्ट पाठीला चिकटलेला, आणखी चार गावं करायची होती त्यांना. बांधावरच्या लिंबाखाली उभे राहिले. मायने पन्ह्याचा तांब्या पुढे केला. आता हे नीट ऐका, कारण इथेच सगळं झालं. माय घरात अहिराणी बोलायची, पण साहेबांशी बोलायचं म्हणून तिने आपली ठेवणीतली शाळेची मराठी काढली. मी शेजारीच उभी होते.

साहेब म्हणाले, “वहिनी, किती वाढली?”

“जास्त नाही साहेब. सातच वाढली.”

“सातच?” साहेबांनी पन्ह्याचा घोट गिळला. “पाणी कमी पडलं का?”

“जिथं पाणी कमी पडलं तिथंच वाढली.”

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं आणि मायकडे जरा काळजीने पाहिलं. म्हणाले, “तुम्ही मेहनत तर खूप केलेली दिसते.”

“हो ना साहेब. जीव लावला म्हणून सातवर भागलं. नाहीतर अजून वाढली असती.”

ऊन डोक्यात गेलं असेल बाईच्या, असं साहेबांना वाटलं असणार. “बरं बरं,” म्हणाले, काहीतरी टिपलं, तांब्या परत दिला आणि फटफटीवर बसून गेले. आणि मी तिथेच उभी असून मला त्या बोलण्यात तसूभर वावगं वाटलं नाही. का वाटावं? आमच्या कानांना ते सरळच होतं. घरात आम्ही ‘वाढी गयात’ म्हणतो तेव्हा त्या ‘गयात’मध्येच सगळं येतं, कोणी चुकत नाही. मायने शुद्ध बोलायच्या नादात ते ‘गयात’ तेवढं गाळलं आणि नुसतं ‘वाढली’ ठेवलं. शुद्ध बोलायची हौस माणसाला अशी नडते. पुढे मी आयुष्यभर एका कचेरीत टायपिंग केलं, शेकडो कागदांवर ‘निरंक’ आणि ‘सबब’ बडवले, आणि दर वेळी मनात यायचं की हा शब्द पलीकडच्या माणसाच्या घरात काय अर्थाचा असेल कोण जाणे. आता म्हणे झाडाचा मोबाइलवर फोटो काढतात, जागेच्या खुणेसकट. बरं आहे. फोटोला बोली नसते.

माय त्या दिवशी घरी आली ती खुशीत. संध्याकाळी तिने शेवभाजी केली, कारण नसताना. पंधरवड्याने नाना तालुक्याच्या बाजारातून आले आणि चपला काढायच्या आधीच म्हणाले, “वहिनी, तुमनं नाव कटी गयं. झाडं जगनात नही, असं सांगी ऱ्हायनात तठे.” त्यांच्या आवाजात दुष्टावा नव्हता, पण घाई होती. पाऊस लागायच्या आत मुरूम काढायचा तर ठेकेदाराचे ट्रॅक्टर याच आठवड्यात लावावे लागणार होते. आबा म्हणाले, बोलणं झालं तसं होईल. मायने परातीतलं पीठ मळायचं थांबवलं नाही, फक्त ती एवढ्या जोराने मळायला लागली की परात जमिनीवर सरकत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही दोघी निघालो. माय कधी कचेरीत गेली नव्हती. ती खिडकीशी बसली होती. मग म्हणाली, “तुन्हा आगोदर एक आंडोर व्हता माले.” मला हे कोणी कधी सांगितलं नव्हतं. रांगायला लागलेला पोरगा, तापाने दोन दिवसांत गेला. घरात सगळे नुसतं ‘गया’ म्हणाले, एवढ्याशा पोराला ‘वाढी गया’ही कोणाला म्हणवेना. खरा शब्द तर आबांच्या घरात चालतच नव्हता. माय तेव्हा एकोणिसाची. ती सांगत होती आणि बाहेर बघत होती. गेला म्हणाले, म्हणून ती वाट बघत बसायची. दार वाजलं की उठायची. शहाणी बाई, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं, तरी उठायची. वर्षभर दूध तापवताना एक वाटी बाजूला काढायची. “कोणी एकदाव तोंडवर सांगं असतं,” ती म्हणाली, “तर मी रडी लेती आनि मोकळी व्हती.” मी तिचा हात धरला, तर ती म्हणाली, सोड, गरम होतंय.

कचेरीत पंखा होता पण वारा नव्हता. साहेब टेबलाशी. मायला पाहून उठून उभे राहिले, एवढी माणुसकी होती त्यांच्यात. माय म्हणाली, “साहेब, माझं नाव का कापलं?”

“वहिनी, मी काय करू? तुम्हीच म्हणालात ना, सातच वाढली.”

“मग? सातच तर वाढली.”

“तेच तर म्हणतोय मी. सातच.”

“मग नाव का कापलं?”

दोघेही एकच वाक्य एकमेकांवर फेकत होते आणि दोघांचाही पारा चढत होता. शेजारच्या टेबलावरचे कारकून चहा पिता पिता थांबले. आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. साहेबांच्या कानात जाऊन बसल्यासारखं मी ते वाक्य त्यांच्या बाजूने ऐकलं, आणि मला हसू यायला लागलं आणि रडूही. मी म्हटलं, “साहेब, आमच्याकडे वाढली म्हणजे—” तेवढ्यात मायने माझं मनगट दाबलं. तिलाही कळलं होतं. मला वाटलं ती म्हणेल, तू सांग, तुला नीट येतं. तसं म्हणाली नाही. तिने पदर सारखा केला. तिचे ओठ हलले, काही आलं नाही, पुन्हा हलले. त्या टेबलाच्या पलीकडच्या माणसाला काय कल्पना असणार की समोरची बाई काय उचलते आहे.

“साहेब,” ती म्हणाली, “सात मेली. बाकीची सगळी जिवंत आहेत.”

शुद्ध मराठीत, एकही अक्षर न गाळता. साहेब खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. म्हणाले, “उद्या सकाळी येतो. एकेक उघडून बघतो. माझंच चुकलं, वाकून बघायला हवं होतं.” मला तो माणूस त्या एका वाक्यासाठी आवडला आणि अजून आवडतो.

आले ते खरंच, उन्हाच्या आधी. पहिल्या झोपडीपासून सुरुवात केली. पऱ्हाटी बाजूला करायची, खाली बसायचं, पान दिसलं तर पुढे. पान सुकलेलं असलं तर नखाने साल जराशी खरवडायची, आत हिरवं निघालं तर जिवंत. मी आणि माय मागे. ठेकेदाराचा एक ट्रॅक्टर बांधापर्यंत येऊन उभा होता, त्याचा ड्रायव्हर बिडी ओढत हा प्रकार बघत होता, आणि नाना त्याच्याजवळ. दर झोपडी उघडताना मी साहेबांच्या खांद्यावरून आधी पान शोधायचे, कारण मधल्या दिवसांत ऊन काही कमी नव्हतं आणि आणखी दोन-चार गेली असती तरी बोलायला जागा नव्हती. एका ठिकाणी साहेब बराच वेळ खरवडत राहिले. मायने डोळे मिटले. “हिरवं आहे,” ते म्हणाले. वरच्या कडेला पोचलो तेव्हा माय स्वतः पुढे झाली आणि सातही झोपड्या आपल्या हाताने मोडून बाजूला टाकल्या. साहेबांना वाकावंही लागलं नाही. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या सांगितलं की हप्ता मिळेल, वर पाठवायचं ते मी पाठवतो. ट्रॅक्टरवाल्याने बिडी विझवली आणि गाडी फिरवली.

काजूचं म्हणाल तर त्यातून आमच्या घरात सोन्याचा धूर निघाला नाही. आमचा वारा काजूच्या मोहराला मानवत नाही. एखादं वर्ष येतात, एखादं वर्ष सगळा मोहर करपतो. पण टेकडी टेकडीच राहिली, आणि शेजारच्या गावातल्या तशाच बरडीच्या जागी आज पाण्याने भरलेला खड्डा आहे. हे मी आज सांगते आहे. त्या रात्री, जेवणाच्या वेळी, कोणालाच पुढचं काही ठाऊक नव्हतं.

आबा आणि नाना ओसरीवर जेवायला बसले होते. माय भाकरी वाढत होती. आबा दिवसभर घरातच होते, त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. नानांनी, थोडं चिडवत, थोडं हार मानत विचारलं, “मंग वहिनी, शेवटले किती वाढनात?”

मी दारात उभी होते. मला वाटलं माय नेहमीसारखी डोक्यावरचा पदर पुढे ओढून आत येईल. ती सासऱ्याच्या ताटासमोर भाकर हातात घेऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, “सात मरी गयात. बाकीना बठ्ठा वाढी ऱ्हायनात.”

नानांचा हात ताटातच थांबला. त्या घरात तो शब्द कोणी, निदान माझ्या जन्मापासून, उच्चारला नव्हता, आणि तो म्हणाली कोण तर सून, आणि कोणासमोर तर आबांसमोर. आबांनी मान वर केली. त्यांना पोराचं आठवलं का, हे मला सांगता येणार नाही. मायच्या चेहऱ्याकडे ते इतका वेळ कधीच बघत नसत. चुलीतलं लाकूड तडतडत होतं. मला भीती वाटत होती आणि मायचा अभिमान वाटत होता, दोन्ही एकदम.

आबांनी तिच्या हातातली भाकर स्वतः घेतली, मोडली, डाळीत कुस्करली.

“मरी गयात ना,” ते म्हणाले, “मंग पानी पडताच त्या सात जागावर नवी लावा. खड्डा रिकामा ठेवू नका.”